वडिलांची दरवर्षीची सर्दी, खिशातल्या तीन गोळ्या आणि अडलेली लघवी: प्रोस्टेट व रक्तदाब असताना काय घ्यावे?

लातूर_आडत

नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६९ वर्षांचे आहेत. लातूरच्या मार्केट यार्डात आमचे आडतीचे दुकान असून या वयातही सौद्याच्या वेळी ते स्वतः उभे असतात. दसऱ्याच्या आगेमागे नव्या सोयाबीनची आवक वाढली की त्यांची सर्दी सुरू होते. पोती उलटताना आणि चाळणी फिरताना जो पिवळट धुरळा उठतो त्यात ते दिवसभर वावरतात. मग एकामागून एक दहा-पंधरा शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना खाज, आणि रात्री दोन्ही नाकपुड्या चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेत उशाला टेकून बसणे, हा क्रम गेली किमान बारा वर्षे चालला आहे. त्यांचा उपायही ठरलेला आहे. समोरच्या मेडिकलमध्ये माणूस पाठवायचा आणि सर्दीच्या गोळ्या मागवायच्या.

वडिलांना रक्तदाबासाठी सकाळी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेट वाढल्याचे निदान झाले, तेव्हापासून रात्री टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम चालू आहे आणि त्यावर त्यांचे व्यवस्थित चालले होते.

गेल्या गुरुवारी रात्री लघवीला लागूनही त्यांना लघवी होईना. पहाटे अडीचपर्यंत ते पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहिले आणि आमची झोपमोड नको म्हणून कोणाला उठवले नाही. शेवटी हाक मारली तेव्हा ओटीपोट दगडासारखे झाले होते आणि ते वेदनेने वाकून चालत होते. रुग्णालयात नळी घातल्यावर पिशवीत ८५० मिलिलिटर लघवी जमा झाली. त्या वेळी रक्तदाब १७०/१०० होता. नळी घालणाऱ्या तरुण डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, की या आठवड्यात सर्दीसाठी काही घेतले होते का. अण्णा म्हणाले, "नाही, औषध काहीच घेतले नाही." ते खोटे बोलत नव्हते, सर्दीची गोळी त्यांच्या लेखी औषधात जमाच होत नाही. दुसऱ्या दिवशी आईने धुवायला काढलेल्या त्यांच्या बंडीच्या खिशातून कात्रीने कापलेले गोळ्यांचे तीन वेगवेगळे तुकडे निघाले, तेव्हा आम्हाला सारे कळले.

नळी अजून आहे आणि ती सोमवारी काढून पाहणार आहेत. या गोळ्यांमुळेच लघवी अडली असे म्हणता येईल का? आणि प्रोस्टेट व रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसाने सर्दीवर घ्यायचे तरी काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिरजेचा_औषधविक्रेता

सर्वप्रथम आपल्या वडिलांना लवकर आराम पडो. मी गेली २२ वर्षे औषधाचे दुकान चालवतो, आणि आपण वर्णन केलेले कापलेले तुकडे पाहून मला फार वाईट वाटले, कारण ते आमच्याच हातून कापले जातात. गिऱ्हाईक म्हणते, चारच गोळ्या द्या. आम्ही दहाच्या स्ट्रिपमधून चार कापतो. त्यात नाव एका तुकड्यावर राहते, मागचा घटकांचा मजकूर दुसऱ्यावर जातो आणि मुदतीची तारीख तिसऱ्यावर. घरी गेलेल्या तुकड्यात नेमके काय आहे हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. माझ्या दुकानात आता सर्दीच्या गोळ्या सुट्या मागितल्या तर मी घटक आणि मुदत चिठ्ठीवर लिहून सोबत देतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.

'सर्दीची गोळी' ही एक गोळी असली तरी तिच्यात तीन किंवा चार औषधे एकत्र असतात. अंगदुखी व तापासाठी पॅरासिटामॉल, चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलेफ्रिन, शिंका व वाहणारे नाक थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, आणि पुष्कळदा सुस्ती घालवण्यासाठी थोडे कॅफिन, अशी ही जुळणी असते. दुकानात याच जुळणीची कितीतरी नावे आहेत. त्यामुळे एका नावाने गुण आला नाही म्हणून माणूस दुसऱ्या नावाची गोळी नेतो, तेव्हा तो बहुधा तीच औषधे दुसऱ्यांदा घेत असतो.

नावावर विसंबू नये, याचे आणखी एक कारण जुन्या लोकांच्या ध्यानात असेल. पूर्वी सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये फिनाइलप्रोपॅनोलॅमिन असायचे. त्याचा मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दिसून आल्यामुळे अमेरिकेत २००० साली ते बाजारातून काढून घेण्याची कारवाई सुरू झाली आणि भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतर कित्येक गोळ्यांची नावे आणि रंग तसेच राहिले, आतले औषध मात्र बदलले. "मी वीस वर्षे हीच गोळी खातो" असे सांगणाऱ्या माणसाच्या पोटात वीस वर्षे एकच गोळी गेलेली नसते.

आपण एक करा. तिन्ही तुकडे त्याच मेडिकलमध्ये घेऊन जा, पूर्ण स्ट्रिप काढायला सांगा, आणि मागे बारीक अक्षरांत 'प्रत्येक गोळीत' या अर्थाच्या ओळीखाली जे घटक व मिलिग्रॅम छापलेले असतात ते इथे उतरवा. अण्णा त्या दिवसांत कोणती गोळी किती वेळा घेत होते तेही विचारा. त्यानंतर बोलता येईल.

लातूर_आडत

आज सकाळी जाऊन लिहून आणले. पहिल्या गोळीत पॅरासिटामॉल ५००, फिनाइलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ आणि कॅफिन ३० मिलिग्रॅम आहे. ती अण्णा चहाबरोबर दिवसातून तीनदा घेत होते. दुसरीत पॅरासिटामॉल ३२५, फिनाइलेफ्रिन १० आणि सेटिरिझिन ५ मिलिग्रॅम आहे. ती "रात्रीची गोळी" म्हणून झोपताना घ्यायचे. तिसरी निव्वळ पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची असून अंग दुखते म्हणून ते दोन वेळा घेत होते. हा प्रकार पाच दिवस चालला होता. तिन्ही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आहे, हे आम्हाला आजच समजले.

कान_नाक_घसा

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. आपण घटक काळजीपूर्वक उतरवून आणले म्हणून पुढचे नेमकेपणाने लिहिता येते. मी आपल्या वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे अखेरचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील.

आधी बेरीज करू. तीन गोळ्यांचे १५००, रात्रीच्या गोळीचे ३२५ आणि अंगदुखीच्या दोन गोळ्यांचे १३०० धरून रोज ३१२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जात होते. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानतात. वय जास्त, वजन कमी, यकृत अशक्त किंवा दारूची सवय असल्यास आम्ही ती बरीच खाली ठेवतो. ताप नसताना आणि नकळत आपले वडील या मर्यादेच्या दिशेने बरेच पुढे गेले होते. अंग जास्त दुखते म्हणून आणखी एक गोळी, मग आणखी एक, असे झाले असते तर ते तिथे पोचलेही असते. फिनाइलेफ्रिन रोज ४० मिलिग्रॅम झाले. अॅलर्जीविरोधी औषधे तर दोन वेगवेगळी होती, क्लोरफेनिरामिन ६ आणि सेटिरिझिन ५ मिलिग्रॅम.

आता लघवीचे. मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच वेळी मूत्राशयाचे तोंड व प्रोस्टेटमधले स्नायू सैल होतात, तेव्हा लघवी बाहेर पडते. क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीचे औषध आहे. ते शिंका व खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवते, पण त्याबरोबर ॲसिटिलकोलिन या रासायनिक निरोप्यालाही अडवते. मूत्राशयाच्या स्नायूला आवळण्याचा निरोप हाच देतो. तोंड कोरडे पडणे, शौचाला कडक होणे आणि म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडणे हेही त्याच अडवणुकीचे परिणाम होत. दुसऱ्या बाजूने फिनाइलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या ज्या जातीच्या खुंट्यांना (औषध जिथे जाऊन चिकटते त्या जागांना) धरून त्या आवळते, त्याच जातीच्या खुंट्या मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असतात. आपले वडील रात्री घेत असलेले टॅमसुलोसिन नेमके त्या खुंट्या सोडवण्याचे काम करते. म्हणजे झोपताना एक गोळी गाठ सैल करायला आणि तिच्यासोबत दुसरी तीच गाठ आवळायला, अशी पाच दिवस ओढाताण चालली होती. शिवाय मूत्राशयाचा जोर क्लोरफेनिरामिनने कमी केलेला होता. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी बद्धकोष्ठाने, थंडीने किंवा फार वेळ रोखून धरल्यानेही अडू शकते, म्हणून सगळा दोष या गोळ्यांचाच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु नळी घालणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न सर्दीच्या गोळीचा विचारला तो उगाच नव्हे. रात्रपाळीला ज्याने असे रुग्ण पाहिले आहेत तो हाच प्रश्न आधी विचारतो.

त्या वेळचा १७०/१०० हा रक्तदाब वेदनेमुळेही चढला असेल. तरीही रक्तवाहिन्या आवळणारे औषध रक्तदाब, हृदयविकार, थायरॉईडचे आधिक्य आणि काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे कायम ध्यानात ठेवावे.

यात मला सर्वाधिक खंत वाटते ती अशी, की ज्या घटकासाठी हा धोका पत्करला त्याने तोंडावाटे घेतल्यावर नाक फारसे मोकळे होतच नाही. फिनाइलेफ्रिनचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात निकामी होतो व नाकापर्यंत थोडाच पोचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी निर्णय दिला, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेले फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक ठरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या नियामकाने चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधांच्या यादीतून ते काढण्याचा प्रस्तावही मांडला. त्याच्या जातकुळीतले स्यूडोएफेड्रिन नाक मोकळे करते हे खरे, पण रक्तदाब व प्रोस्टेटच्या रुग्णाला ते अधिकच वाईट, आणि त्यापासून मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनवता येत असल्यामुळे आपल्याकडे त्याच्यावर सरकारी नियंत्रण आहे. गोळी घेऊन "बरे वाटते" असे अण्णा म्हणत असतील तर ते बहुतांशी क्लोरफेनिरामिनने शिंका थांबल्यामुळे, पॅरासिटामॉलने डोकेदुखी उतरल्यामुळे आणि कॅफिनमुळे.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण पुढच्या दसऱ्याला हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच धुरळ्यात, तापाशिवाय, डोळ्यांच्या खाजेसह येणारी आणि आवक संपेपर्यंत टिकणारी सर्दी ही विषाणूची सर्दी नव्हे. ही अॅलर्जी आहे. विषाणूची सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. सोयाबीनच्या टरफलांचा धुरळा किती त्रासदायक असतो याचे उदाहरण स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात घडले आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथे ठरावीक दिवशी अचानक अनेक माणसे दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येत. शोध घेतल्यावर ते सगळे दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले, आणि कोठारांना धूळ गाळणारी यंत्रणा बसवल्यावर ती लाट ओसरली. म्हणून विचारतो: यार्डात असताना वडिलांच्या छातीत घरघर होते का, धाप लागते का? तसे असेल तर फुप्फुसांची तपासणी लांबवू नका.

अॅलर्जीच्या सर्दीवर सर्वांत उपयोगी औषध नाकात मारायचा सौम्य स्टिरॉइडचा फवारा हे आहे, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. स्टिरॉइड हा शब्द ऐकून घाबरू नये. हे औषध नाकाच्या अस्तरावर काम करते आणि रक्तात अत्यल्प जाते. मात्र ते फवारल्याबरोबर नाक मोकळे होत नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली कोपऱ्यात टाकणारे रुग्ण मी रोज पाहतो. ज्याचा हंगाम ठाऊक आहे त्याने हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करणे उत्तम. शिंका जास्त असतील तर नव्या पिढीचे एकच अॅलर्जीविरोधी औषध, दुसऱ्या कशाशी न मिसळलेले, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. त्यांतले फेक्सोफेनाडिन झोप सर्वांत कमी आणते. ते पाण्याबरोबर घ्यावे, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर नको, आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधापासून दोन तासांचे अंतर ठेवावे, नाही तर ते अंगी लागत नाही. लघवी तुंबल्यानंतर मूत्रपिंडांवर ताण आलेला असू शकतो आणि सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन व फेक्सोफेनाडिन या तिन्हींची मात्रा मूत्रपिंड अशक्त असल्यास कमी करावी लागते. तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्यावे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि चाळणी चालू असताना नाकावर घट्ट बसणारा मास्क लावणे, यांनी औषधाचे काम निम्म्याने हलके होते असा माझा अनुभव आहे. गमछा गुंडाळून ती बारीक धूळ थांबत नाही.

रातराणी_चालक

डॉक्टरसाहेबांनी लघवीचे सांगितले, मी झोपेचे सांगतो. मी अनेक वर्षे पुणे-कोल्हापूर मार्गावर रात्रीची बस चालवली आहे. एका हिवाळ्यात सर्दीने बेजार झालो होतो, म्हणून निघण्यापूर्वी चहाबरोबर अशीच एक गोळी घेतली. गोळी घेतल्याचे नंतर माझ्या मनातही राहिले नाही. खंबाटकीचा घाट चढताना समोरच्या ट्रकचे दोन लाल दिवे हळूहळू एकमेकांत मिसळू लागले, आणि क्लीनरने खांद्यावर थाप मारली तेव्हा मला कळले, की माझे डोळे उघडे असूनही मी पाहत नव्हतो. गाडी बाजूला घेतली, तोंडावर पाणी मारले, तरी डोक्यातला जडपणा गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात आळस होता. गोळीत क्लोरफेनिरामिन होते, हे पुढे एका औषधविक्रेत्याने सांगितले.

सेटिरिझिनने झोप येत नाही असे सर्रास सांगतात. माझ्या धाकट्या भावाला त्यानेही येते. ज्यांना गाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा कडबा कुट्टी चालवायची आहे त्यांनी नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी, आणि तिच्यावर दारू तर मुळीच घेऊ नये. आडतीवर सकाळी काट्याजवळ ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतात, तिथे उभ्या माणसालाही डुलकी परवडत नाही.

मिरजेचा_औषधविक्रेता

चालकदादांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. क्लोरफेनिरामिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच प्रौढ माणसात सुमारे २० तास लागतात, म्हणून रात्रीच्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारीही जाणवते. म्हातारपणी ते आणखी रेंगाळते, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन माणूस पडतो.

एक सूचना राहून गेली. जुन्या पद्धतीची काही नैराश्याची औषधे आणि लिनेझोलिड हे जंतुनाशक चालू असताना फिनाइलेफ्रिन घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उसळू शकतो. लिनेझोलिड आता नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पुष्कळांना चालू असते, आणि हे रुग्ण खोकला-सर्दीसाठी आमच्याकडे येतातच. घरात असा रुग्ण असेल तर दुकानात गेल्यावर ते आधी सांगा.

नाशिकची_वाचक

गोळी नको म्हणून कोणी नाकात घालायच्या थेंबांकडे वळण्याआधी माझे ऐकावे. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब घातले की दोन-चार मिनिटांत नाक मोकळे होते, आणि त्या सुखाचीच सवय लागते. सर्दी गेली तरी नाक चोंदतच राहिले, म्हणून मी थेंब घालत राहिले. आधी रात्री, मग सकाळ-संध्याकाळ, पुढे दर तीन तासांनी. पर्समध्ये एक, उशीखाली एक आणि कार्यालयाच्या खणात एक, अशा तीन बाटल्या मी दीड वर्ष बाळगल्या. एखाद्या लग्नाला जाताना बाटली विसरली तर अर्ध्या वाटेवरून परत यायचे. नाकाचे हाड वाकडे असेल म्हणून शस्त्रक्रियेची तयारी करून मी डॉक्टरांकडे गेले, आणि त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखले, की आता चोंदण्याचे कारण थेंबच आहेत.

त्यांनी स्टिरॉइडचा फवारा सुरू करून आधी फक्त उजव्या नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगितले. पहिले पाच-सहा दिवस फार कठीण गेले; ती बाजू पूर्ण बंद असे आणि मी डाव्या कुशीवर झोपत असे. दुसऱ्या आठवड्यात उजवी बाजू आपोआप मोकळी राहू लागली, तेव्हा डावीकडचे थेंब सोडले. आज चार वर्षे झाली, घरात ती बाटली नाही. थेंब तीन दिवस, फार तर पाच, एवढी मर्यादा तेव्हा कोणी सांगितली असती तर माझे दीड वर्ष वाचले असते.

चिऊची_आई

विषय थोडा वेगळा आहे, पण याच गोळ्यांचा आहे. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तिला सर्दी झाली की सासूबाई मोठ्यांच्या गोळीचा चतकोर मधातून द्यायला सांगतात, आणि पूर्वी आमच्या घरात सगळ्या मुलांना दिल्याचेही सांगतात. मी नाही म्हणते, पण कारण सांगता येत नाही. पातळ औषध मिळते ते तरी द्यावे का?

कान_नाक_घसा

ताई, आपण नाही म्हणता ते योग्यच आहे. गोळीच्या चतकोरात कोणते औषध किती आले हे मोजता येत नाही. शिवाय लहान मुलांच्या बाबतीत ही औषधे झोप, चिडचिड, हृदयाचे ठोके वाढणे आणि क्वचित झटके असे परिणाम करतात, आणि फायदा सिद्ध झालेला नाही. केंद्रीय औषध नियामकाने डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिनच्या संयुक्त औषधांवर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असा इशारा छापण्याचा आदेश दिला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या पातळ औषधाने लहान मुले दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे कळवले. ते मृत्यू त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले आढळल्यामुळे झाले, म्हणजे तो भेसळीचा प्रकार होता आणि गोळीतील घटकांचा प्रश्न त्याहून निराळा आहे. पण ज्या औषधाची मुळात गरजच नव्हती त्यापायी ती मुले गेली, हे मला विसरता येत नाही.

नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी किंवा सूप, आणि रात्री खोकला असल्यास अर्धा चमचा मध एवढे तिला पुरे आहे. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये. सासूबाईंना सांगा, मध त्यांचाच ठेवला आहे, फक्त गोळी वगळली आहे. श्वास जलद चालत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल किंवा ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, तर घरी थांबू नका.

लातूर_आडत

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी नळी काढली. त्यानंतर दीड तास अण्णा रुग्णालयाच्या ओसरीत पाणी पीत बसले होते आणि मी घड्याळ पाहत होतो. त्यांना स्वतःहून लघवी झाली. सोनोग्राफीत मूत्राशयात ४० मिलिलिटरच लघवी उरली, ते ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. क्रिएटिनिन १.२ आले आहे आणि रक्तदाब १३८/८४ वर उतरला आहे. छातीची तपासणी पुढच्या आठवड्यात करणार आहोत, कारण आपण विचारल्यावर आईने सांगितले, की आवकेच्या दिवसांत रात्री त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. हे आम्ही आजवर सर्दीतच धरत होतो.

मेडिकलवाले काका चांगले गृहस्थ आहेत. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, कारण गोळ्या आणायला नेहमी दुकानातला हमाल जायचा. आता अण्णांच्या चालू औषधांची यादी त्यांनी स्वतःकडे लिहून ठेवली आहे.

फ्लुटिकासोनचा फवारा लिहून दिला आहे. पहिल्याच दिवशी अण्णांच्या नाकातून थोडे रक्त आले आणि घशात कडवट उतरले, म्हणून त्यांनी तो ठेवून दिला आहे. चुकते कुठे?

कान_नाक_घसा

हे ऐकून फार बरे वाटले. छातीतली शिट्टी आईंनी सांगितली ही यातली मोलाची गोष्ट आहे; ती तपासणी नक्की करा.

फवारा बहुतेक जण मान मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्याकडे तोंड करून मारतात आणि मग जोराने वर ओढतात. त्यामुळे औषध एकाच जागी आदळून पडद्याला जखम होते आणि उरलेले घशात उतरते. आधी नाक शिंकरून किंवा मिठाच्या पाण्याने धुऊन घ्यावे. बाटली हलवावी, नवीन असेल तर धुके दिसेपर्यंत हवेत फवारावी. मान किंचित खाली झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरावी, म्हणजे टोक आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळते. दाबताना फुलाचा वास घ्यावा तितकाच हलका श्वास आत घ्यावा आणि तोंडाने सोडावा.

रक्ताची रेघ दिसली असेल तर दोन-तीन दिवस फवारा थांबवून रोज रात्री नाकपुडीच्या कडेला बोटाने थोडे साधे व्हॅसलीन लावा, मग वरच्या पद्धतीने पुन्हा सुरू करा. त्यानंतरही रक्त येत राहिले, किंवा ते नेहमी एकाच बाजूने येत असेल आणि तीच बाजू बंद राहत असेल, तर प्रत्यक्ष दाखवा. यंदाची आवक संपेपर्यंत रोज मारा, आणि पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर, नवे सोयाबीन यार्डात यायच्या आधीच बाटली आणून ठेवा.